शुद्ध प्रत आणि परका हात

‘भ्रष्ट’ हा शब्द मराठीला नवा नाही. जुन्या पोथ्यांचे संशोधन करणाऱ्या पंडितांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. नकलाकाराच्या हातून अक्षर चुकले, ओळ गळली अथवा समासातील टीप संहितेत शिरली, की तो पाठ भ्रष्ट झाला असे म्हणतात. याच शब्दाने निदान करणारे एक यंत्र आज घरोघरी आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून बसले आहे. संगणकाच्या कार्यप्रणालीला स्वतःच्या फायली तपासण्याची आज्ञा दिली, की ती प्रत्येक फाईल आपल्या दप्तरातील नोंदीशी ताडून पाहते आणि न जुळणारी फाईल भ्रष्ट म्हणून जाहीर करते. इ. स. २०१५ च्या उत्तरार्धात विंडोज १० ही त्या वेळची नवी कार्यप्रणाली घेतलेल्या अनेकांना या तपासणीत एक चमत्कारिक उत्तर मिळाले. भ्रष्ट फायली सापडल्या आहेत, परंतु त्यांपैकी काहींची दुरुस्ती करता येत नाही, असे ते उत्तर होते. संगणक तर सुरळीत चालत होता. पडद्यावर चित्रे स्वच्छ उमटत होती. मग दोष होता कोठे? तो दोष होता तरी काय? याचा उलगडा त्या एका फायलीकडे पाहून होत नाही. त्यासाठी सुमारे तीस वर्षे मागे जावे लागते.

ही हकीगत प्रामुख्याने ‘ड्रायव्हर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावल्यांची आहे. संगणकाला जोडलेले प्रत्येक उपकरण आपली स्वतंत्र भाषा बोलते. छपाईयंत्राची भाषा वेगळी, ध्वनियंत्राची वेगळी आणि पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची त्याहून वेगळी. कार्यप्रणाली बनविणाऱ्या कंपनीला या सर्व भाषा अवगत असणे शक्य नाही. म्हणून उपकरणाचा कारखानदार आपल्या मालाबरोबर एक दुभाषाही देतो. कार्यप्रणालीची आज्ञा उपकरणाला आणि उपकरणाचे उत्तर कार्यप्रणालीला समजावून देणारा हा दुभाषा म्हणजेच ड्रायव्हर. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारला मराठ्यांशी बोलणी करताना दुभाष्यांवाचून चालत नसे, आणि म्हणूनच अशा माणसाला कोठवर आत येऊ द्यावे हा प्रश्न प्रत्येक दरबाराला पडत असे. दुभाषा बाहेर देवडीवर बसविला तर प्रत्येक निरोपाला वेळ लागतो. त्याला खलबतखान्यात घेतले तर काम झटपट होते. पण मग घरातील सर्व गुपिते आणि सर्व किल्ल्या त्याच्या हाताशी येतात. संगणकाच्या इतिहासात नेमका हाच पेच पुन्हा उभा राहिला.

आतले आणि बाहेरचे असा भेद संगणकात करण्याची कल्पना १९६० च्या दशकातील आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक कंपनी यांनी मिळून हाती घेतलेल्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीत अधिकारांची एकात एक वसलेली कडी योजिली होती. सर्वांत आतल्या कड्यातील आज्ञावलीला सर्व मुभा असे. जसजसे बाहेर यावे तसतसा अधिकार कमी होई. पुढे इंटेल कंपनीच्या प्रक्रियकांनीही हीच योजना उचलली. १९८५ सालच्या ८०३८६ या प्रक्रियकात अशी चार कडी होती. विंडोजने त्यांपैकी दोनच वापरली. सर्वांत आतल्या, शून्य क्रमांकाच्या कड्यात कार्यप्रणालीचा गाभा राहिला आणि तिसऱ्या क्रमांकाच्या बाह्य कड्यात नित्याच्या वापरातील आज्ञावल्या राहिल्या.

या रचनेचे महत्त्व साधे आहे. बाहेरच्या कड्यातील आज्ञावली चुकली तर ती एकटी कोसळते. बाकीचा संगणक चालू राहतो. गाभ्यातील आज्ञावली चुकली तर तिला अडविणारा कोणीच नसतो. ती स्मृतीतील कोणत्याही जागी काहीही लिहू शकते. आणि येथेच फायली बिघडण्याचा पहिला मार्ग उघडतो. संगणक फाईल प्रत्यक्ष तबकडीवर लिहिण्यापूर्वी तिचा मजकूर काही काळ स्मृतीत साठवितो. गाभ्यात बसलेल्या एखाद्या ड्रायव्हरने चुकून त्याच जागी आपले आकडे लिहिले, तर तो बिघडलेला मजकूर मुकाट्याने तबकडीवर उतरतो. दुसरा मार्ग अधिक परिचयाचा आहे. गाभ्यातील चूक लक्षात येताच कार्यप्रणाली स्वतःहून थांबते, निळा पडदा दाखविते आणि हातातले सर्व काम अर्धवट सोडते. अर्धी लिहिलेली फाईल तशीच राहते. विंडोजची ‘एनटीएफएस’ ही फाईल-व्यवस्था बदलांची रोजनिशी ठेवते खरी. परंतु त्या रोजनिशीत फायलींच्या नोंदींचे रक्षण होते, आतील मजकुराचे होतेच असे नाही. पेटीवरचे लेबल शाबूत राहते, आतल्या कागदांची हमी कोणी देत नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीला हा धोका ठाऊक नव्हता असे म्हणता येत नाही. १९८८ साली तिने डेव्हिड कटलर या अनुभवी अभियंत्यास आपल्याकडे आणले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘व्हीएमएस’ या भक्कम कार्यप्रणालीच्या निर्मितीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या नेतृत्वाखाली जी नवी प्रणाली तयार झाली ती ‘विंडोज एनटी’ या नावाने २७ जुलै १९९३ रोजी बाहेर पडली. तिच्या रचनेत खिडक्या आखण्याचे व चित्रे काढण्याचे बहुतेक काम गाभ्याबाहेर, एका स्वतंत्र प्रक्रियेत ठेवले होते. आज्ञावलीला पडद्यावर रेघ ओढावयाची असली तरी तिने त्या प्रक्रियेकडे निरोप धाडावयाचा, आणि तिने ते काम करून उत्तर द्यावयाचे. दुभाषा देवडीवर बसला होता. व्यवस्था शिस्तीची होती, पण संथ होती. त्या काळच्या यंत्रांवर हा संथपणा सहज जाणवे, आणि त्यांत भर म्हणून ही प्रणाली स्मृतीही पुष्कळ मागे.

दरम्यान बाजाराचे वारे बदलले. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आली आणि तिच्या चटपटीत पडद्याची लोकांना सवय झाली. तोच देखणा पडदा एनटीच्या घराण्यातही आणावयाचा, शिवाय तो वेगवान असावयाचा, अशी अपेक्षा निर्माण झाली. ऑगस्ट १९९६ मध्ये विक्रीस आलेल्या एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्णय घेतला. खिडक्यांचा कारभार, चित्रे काढण्याची यंत्रणा आणि तिच्याबरोबर ग्राफिक्स ड्रायव्हर हे सर्व गाभ्यात हलविण्यात आले. दुभाषा देवडीवरून थेट खलबतखान्यात गेला.

या निर्णयावर जाणकारांनी त्याच वेळी टीका केली. तथापि कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तिचे म्हणणे असे, की जुन्या रचनेतही ती स्वतंत्र प्रक्रिया कोसळली तर संगणक निरुपयोगीच होत असे. मग तिला बाहेर ठेवून सुरक्षितता ती काय लाभली? या युक्तिवादात तथ्य होते, पण अर्धेच. बाहेरची प्रक्रिया कोसळली तर काम थांबत असे. गाभ्यातील ड्रायव्हर चुकला तर काम थांबतेच, आणि शिवाय दुसऱ्याच्या मालकीची स्मृतीही बिघडू शकते. पहिल्यात नुकसान दिसते. दुसऱ्यात ते कधी कधी दिसतही नाही. न दिसणाऱ्या नुकसानीचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही.

निर्णयाचे वर्षही दुर्दैवी ठरले. १९९६ मध्येच ‘थ्रीडीएफएक्स’ कंपनीचे वूडू हे कार्ड आले आणि खेळांसाठी त्रिमितीय चित्रे काढण्याची शर्यत सुरू झाली. १९८५ मध्ये कॅनडात स्थापन झालेली एटीआय आणि १९९३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली एनव्हिडिया या कंपन्या त्या शर्यतीत उतरल्या. स्पर्धा इतकी तीव्र होती, की चारच वर्षांनी, २००० सालच्या अखेरीस, थ्रीडीएफएक्सला आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे ठरवावे लागले. अशा बाजारात कार्डाची किंमत त्याच्या वेगावर ठरे, आणि वेग पुष्कळ अंशी ड्रायव्हरवर अवलंबून असे. म्हणून ड्रायव्हर वारंवार बदलू लागले आणि प्रत्येक बदलागणिक अधिक गुंतागुंतीचे होऊ लागले. सर्वांत घाईने लिहिलेली आज्ञावली सर्वांत नाजूक जागी बसली, असा हा योग होता. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली आणि एनटीची ही रचना कचेऱ्यांतून सामान्य माणसाच्या घरात शिरली.

संशोधकांनी याच सुमारास या प्रश्नाकडे लक्ष वळविले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी २००१ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याची छाननी केली, तेव्हा ड्रायव्हरांतील चुकांचे प्रमाण गाभ्याच्या इतर भागांपेक्षा तीन ते सात पट अधिक असल्याचे त्यांना आढळले. यावरून हा रोग एका कंपनीचा किंवा एका प्रणालीचा नव्हता, हे स्पष्ट होते. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या निबंधात एक्सपीच्या नोंदविलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे होतात असा आकडा दिला. मायक्रोसॉफ्टनेही हात जोडून बसणे पसंत केले नाही. तपासून स्वाक्षरी केलेले ड्रायव्हर आणि विनास्वाक्षरीचे ड्रायव्हर असा भेद तिने सुरू केला, ड्रायव्हरांची कसोटी घेणारी साधने निर्माण केली, आणि आपल्या संशोधनशाखेतील टॉमस बॉल व श्रीराम राजामणी यांच्या ‘स्लॅम’ या प्रकल्पातून ड्रायव्हर न चालविताच त्यातील चुका तर्काने शोधून काढणारे साधन तयार केले. राजामणी पुढे कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन केंद्राचे प्रमुख झाले.

येथवर झाली गाभ्याची कथा. तिच्या शेजारून फायलींची एक स्वतंत्र कथा वाहत होती, आणि २०१५ मध्ये या दोन प्रवाहांचा संगम झाला. विंडोजमध्ये अनेक आज्ञावल्यांना लागणारे सामायिक काम ‘डीएलएल’ नावाच्या फायलींत ठेवलेले असते. गावच्या सार्वजनिक विहिरीसारखी ही व्यवस्था आहे. प्रत्येकाने आपल्या परसात विहीर खणण्याचे कारण नाही. पण सार्वजनिक विहिरीत कोणीही काहीही टाकू शकतो. एखादी नवी आज्ञावली संगणकावर बसविताना ती आपल्याबरोबर आणलेली डीएलएल जुन्या फायलीवर खुशाल लिहीत असे, आणि त्या जुन्या फायलीवर विसंबलेली दुसरीच कोणती तरी आज्ञावली दुसऱ्या दिवशी बंद पडत असे. तंत्रज्ञांनी या दुरवस्थेला ‘डीएलएलचा नरक’ असे नाव दिले होते.

यावर उपाय म्हणून विंडोज ९८ मध्ये ‘सिस्टिम फाईल चेकर’ हे तपासणीचे साधन आले. १७ फेब्रुवारी २००० रोजी आलेल्या विंडोज २००० मध्ये त्याच्या जोडीला एक राखणदार आला. महत्त्वाची फाईल कोणी बदलली असे दिसताच तो निराळ्या जागी जपून ठेवलेली मूळ प्रत काढून मुकाट्याने परत बसवीत असे. चोरी झाल्यावर माल परत आणणारा हा राखणदार होता. व्हिस्टा या पुढील प्रणालीत चोरीच होऊ नये म्हणून कुलूपही लावण्यात आले. कार्यप्रणालीच्या फायलींची मालकी ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या एका विशिष्ट सेवेकडे देण्यात आली, म्हणजे संगणकाच्या धन्यालासुद्धा त्या सहजासहजी बदलता येईनात. सर्व घटकांच्या मूळ प्रती एका कोठारात ठेवण्यात आल्या, आणि प्रत्येक फायलीचा एक ठसा दप्तरी नोंदविण्यात आला. हा ठसा म्हणजे फायलीच्या मजकुरावरून गणिताने काढलेली संख्या होय. फायलीतील एक अक्षर बदलले तरी ठसा संपूर्ण बदलतो. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा, तशी त्यावरून फाईल ओळखता येते.

हीच व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी बाजारात आली, तेव्हा गाभ्याच्या कथेतही एक उलट पाऊल पडले. १९९६ मध्ये आत नेलेल्या दुभाष्याला मायक्रोसॉफ्टने पुन्हा बाहेर काढले. ग्राफिक्स ड्रायव्हरचे दोन भाग करण्यात आले. गुंतागुंतीचे बहुतेक काम बाहेरच्या कड्यात गेले आणि गाभ्यात केवळ एक लहानसा भाग उरला. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर सबंध संगणक न थांबविता केवळ कार्ड पुन्हा सुरू करावे, अशीही सोय झाली. छपाईयंत्रांच्या ड्रायव्हरांना तर गाभ्यात येण्यास सरळ बंदीच झाली. अकरा वर्षांपूर्वी वेगासाठी पुसलेली रेषा पुन्हा आखली गेली.

मात्र रेषा पुन्हा आखण्याची किंमतही जबर होती. सर्व कारखानदारांना आपले ग्राफिक्स ड्रायव्हर जवळजवळ मुळापासून लिहावे लागले, आणि ते वेळेवर पक्के झाले नाहीत. व्हिस्टावरून अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील न्यायालयात जो दावा उभा राहिला, त्यात कंपनीची अंतर्गत पत्रे २००८ मध्ये खुली झाली. त्यांतील एका तक्त्यात २००७ मधील बिघाडांच्या नोंदींची वर्गवारी होती. ४ लाख ७९ हजारांहून अधिक नोंदी, म्हणजे २८.८ टक्के, एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावे होत्या. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या आज्ञावल्यांच्या नावे १७.९ टक्के, एटीआयच्या नावे ९.३ टक्के आणि इंटेलच्या नावे सुमारे ८.८ टक्के. या आकड्यांवरून एका कंपनीस दोषी ठरविणे घाईचे होईल, कारण ज्याची कार्डे अधिक घरांत त्याच्या नोंदीही अधिक असणार. पण एक गोष्ट त्यांतून निर्विवाद दिसते. चूक एका ठिकाणची नसून सांध्यावरची होती, आणि सांध्याचा धनी कोण हे ठरलेले नव्हते.

आता २०१५ च्या त्या चमत्कारिक उत्तराकडे वळता येईल. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. काही आठवड्यांतच अनेक वापरकर्त्यांच्या तपासणीत एकाच फायलीचे नाव पुनःपुन्हा येऊ लागले: ‘ओपनसीएल.डीएलएल’. ओपनसीएल हे ग्राफिक्स कार्डाची गणनशक्ती चित्रांखेरीज इतर गणितांसाठी वापरण्याचे एक सर्वमान्य मानक आहे. क्रोनोस या उद्योगसंघाने त्याची पहिली आवृत्ती २००८ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. ओपनसीएल.डीएलएल ही फाईल स्वतः कोणतेही गणित करीत नाही. संगणकावर कोणकोणत्या कंपन्यांचे ड्रायव्हर हजर आहेत हे पाहून ती मागणी योग्य दारी पोहोचविते. ती केवळ दारवान आहे. हा दारवान ग्राफिक्स कंपन्या आपापल्या ड्रायव्हरांबरोबर पूर्वीपासून पाठवीत असत. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपला एक दारवान त्याच नावाने ठेवला आणि त्याचा ठसा दप्तरी नोंदविला.

पुढे जे घडले ते अटळ होते. ड्रायव्हर बसविण्याचे काम मुळातच वरच्या अधिकाराने चालते. एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर बसविला गेला, आणि त्याने पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे आपली ओपनसीएल.डीएलएल त्या जागी लिहिली. तपासणीच्या साधनाने ठसा पाहिला. तो दप्तराशी जुळेना. त्याने फाईल भ्रष्ट ठरविली आणि कोठारातील मूळ प्रतीकडे धाव घेतली, तो तेथील ठसाही जुळेना. याचे कारण विंडोजच्या साठवणुकीत आहे. जागा वाचावी म्हणून कोठारातील फाईल आणि वापरातील फाईल या पुष्कळदा दोन प्रती नसतात. एकाच मजकुराला दिलेली ती दोन नावे असतात. एका नावाने मजकूर बदलला की दुसऱ्या नावाखालचाही बदलतो. सातबारा उतारा आणि त्याची नक्कल एकाच कागदावर असावी, आणि त्या कागदावर कोणी खाडाखोड करावी, तसा हा प्रकार झाला. शुद्ध प्रत म्हणून जपलेली प्रतच परक्या हाताने बदलली होती, म्हणून दुरुस्ती करता येत नाही असे उत्तर येत होते.

दुरुस्तीचा मार्ग अगदीच बंद नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या ‘डिझम’ या दुसऱ्या साधनाने कंपनीच्या दूरस्थ कोठारातून शुद्ध प्रत मागविता येत असे. ती आली की तपासणी निर्मळ उत्तर देई. पण पुढच्या वेळी ड्रायव्हरची नवी आवृत्ती बसली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दोन प्रामाणिक कारकून एकाच नोंदवहीत आळीपाळीने एकमेकांचे लिखाण खोडीत बसावेत, तसे हे चालले. त्यांत कोणाचीही लबाडी नव्हती, आणि संगणकाचे काम एका क्षणासाठीही अडले नव्हते.

मग नुकसान कोणाचे झाले? ज्याने ना कार्यप्रणाली लिहिली ना ड्रायव्हर, त्या सामान्य वापरकर्त्याचे. ‘भ्रष्ट’ हा शब्द वाचून त्याच्या पोटात गोळा उठला. तबकडी खराब झाली असेल, विषाणू शिरला असेल, अशा शंकांनी त्याने संध्याकाळी घालविल्या. कित्येकांनी सगळी प्रणाली पुसून नव्याने बसविण्याची यातायात केली, आणि नवा ड्रायव्हर बसताच तेच उत्तर पुन्हा वाचले. याहून मोठे नुकसान विश्वासाचे होते. लांडगा आला रे आला ही हाक रोज ऐकू येऊ लागली, की खरा लांडगा येतो त्या दिवशी कोणी उठत नाही. तबकडी खरोखरच झिजू लागून चार फायली बिघडल्या, तरी त्यांची नावे त्याच अहवालात, त्याच शब्दाखाली, ओपनसीएलच्या शेजारी येणार. ज्या साधनाचे सारे मोल त्याच्या शब्दावरील विश्वासात आहे, त्याचा शब्द असा हलका होणे ही साधी गोष्ट नव्हे.

येथे पोथ्यांच्या संशोधकांचा अनुभव उपयोगी पडतो. ‘पाठभेद’ आणि ‘अपपाठ’ हे दोन शब्द ते काळजीपूर्वक वेगळे ठेवतात. दोन प्रतींत निरनिराळे पण अर्थपूर्ण शब्द आढळले तर तो पाठभेद. लिहिणाऱ्याच्या चुकीने अर्थच नाहीसा झाला तर तो अपपाठ. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच विवेक होता. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले, परंतु त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते हस्तलिखितांतून तरले, आणि म्हणून त्याच्या अभ्यासकालाही प्रतीपुढे प्रत ठेवूनच चालावे लागते. अशा कामात नुसते ‘जुळत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. कोणी बदलले, कोणत्या अधिकाराने बदलले आणि बदलाने अर्थ बिघडला की टिकला, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

ठसे ताडणारे यंत्र यांतील एकही प्रश्न विचारू शकत नाही. त्याला केवळ जुळते आणि न जुळते एवढेच कळते. तबकडीवरील ओरखड्याने बिघडलेली फाईल, कोसळलेल्या ड्रायव्हरने अर्धवट सोडलेली फाईल, विषाणूने ग्रासलेली फाईल आणि दुसऱ्या कंपनीने सद्‌भावाने बसविलेली चांगली फाईल, या चौघी त्याच्या लेखी सारख्याच. हा यंत्राचा अपराध नव्हे. त्याला दिलेला शब्द मात्र त्याच्या ज्ञानापेक्षा मोठा होता. ‘नोंदीशी विसंगत’ असे म्हणण्याचा त्याला अधिकार होता. ‘भ्रष्ट’ म्हणण्याचा नव्हता.

पुढील काळात या अनुभवांतून सुधारणा झाल्या. २०१६ पासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तींत गाभ्यातील नव्या ड्रायव्हरांवर मायक्रोसॉफ्टची स्वतःची स्वाक्षरी आवश्यक झाली. २०१८ च्या सुमारास ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या पद्धतीने बांधले जाऊ लागले. ड्रायव्हरने आपल्या फायली स्वतःच्याच कोठारात ठेवाव्यात, कार्यप्रणालीच्या घरात पसरू नयेत, हा त्या पद्धतीचा रोख आहे. ज्या विंडोज १० मध्ये हा गोंधळ उडाला, तिचा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

परंतु मूळ प्रश्न मिटला असे म्हणता येत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या गाभ्यात बसलेल्या ड्रायव्हरला एक सदोष माहितीची फाईल पोहोचली, आणि जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबले. हा ड्रायव्हर ग्राफिक्सचा नव्हता, पण त्याची जागा तीच होती. त्या दिवशी हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले प्रवेशपत्र पडले. त्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या आज्ञावल्याही गाभ्याबाहेर चालविता याव्यात अशी व्यवस्था करण्याचे जाहीर केले. १९९३ मध्ये जी रेषा आखली, १९९६ मध्ये जी पुसली, २००७ मध्ये ग्राफिक्सपुरती जी पुन्हा आखली, तीच रेषा आता दुसऱ्या एका पाहुण्यासाठी आखली जात आहे.

या सर्व हकिगतीत खलपुरुष कोणी नाही. १९९६ मध्ये वेगाला झुकते माप देणारे अभियंते अडाणी नव्हते, आणि २०१५ मध्ये जुन्या रिवाजाने फाईल लिहिणारे ड्रायव्हरही दुष्ट हेतूने लिहिलेले नव्हते. उणीव एवढीच होती, की घरात शिरण्याची मुभा एकाने दिली, घराची नोंदवही दुसऱ्याने ठेवली, आणि या दोघांची गाठ कोणी घालून दिली नाही. अशा घरात वस्तू हरवली नसतानाही चोरीची फिर्याद होते, आणि फिर्यादींच्या गर्दीत खरी चोरी लपून जाते. लिहिण्याचा अधिकार ज्याला द्यावयाचा त्याचे नाव दप्तरी असले पाहिजे, आणि दप्तर राखणाऱ्याने न जुळणाऱ्या अक्षराला दोष देण्यापूर्वी ते कोणाच्या हातचे आहे हे विचारले पाहिजे. पोथ्यांच्या बाबतीत हा नियम जुनाच आहे. संगणकाच्या जगाला तो तीस वर्षांच्या ठेचा खाऊन शिकावा लागला, आणि त्या ठेचांची कळ बहुतांशी अशा माणसांनी सोसली, ज्यांना आपल्या पडद्यामागे असा काही वाद चालू आहे याची कल्पनाही नव्हती.